तीनदा विचारणारी अट्रॅक्टा

अट्रॅक्टा गिलहूलीच्या किटलीत अठरा कप चहा होतो. एकोणिसावं माणूस जिना चढून आलं की ती बेचैन होते. तेच माणूस पुढच्या महिन्यातही आलं, तर ती फोन उचलते आणि पलीकडच्या गावात नवी बैठक कशी सुरू करता येईल ते बघायला लागते. लाँगफर्डची बैठक अशीच सुरू झाली, बॉइलचीही अशीच. दुसरी मोठी किटली आण, असं मी तिला एकदा सुचवलं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शीळ घातली.

आमची बैठक म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांची बैठक. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला, कॅरिकमधल्या पशुखाद्याच्या दुकानावरच्या खोलीत ती भरते. खोलीला कोंड्याचा वास येतो. येणाऱ्यांत कोणी दूध कारखान्यातली यंत्रं सांभाळतं, कोणी हॉस्पिटलचं काम करतं, आणि माझ्यासारखे काही जण घरात बसून, आयुष्यात दोनदाच पाहिलेल्या शहरातल्या विमा कंपनीसाठी काम करतात. दिवसभर पडद्याशी बोलणारी ही जमात. आमच्या लीट्रिम परगण्यात पाऊस इतका, की जमीन एकरावर नाही तर गॅलनवर विकतात असं शेजारच्या परगण्यातले लोक म्हणतात. असल्या ओल्या संध्याकाळी पंचवीस मैल गाडी हाकत माणसं त्या कोंड्याच्या वासात येऊन बसतात, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय.

मी जात्याच चौकस. बायको म्हणते चौकस नाही, चोंबडा. असेनही. पण अट्रॅक्टा ही बैठक जमवते कशी, हे शोधून काढण्यात मी चांगली दोन वर्षं घालवली, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तिचं वय एकसष्ट. बुटकी, चपळ, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नोकरी गुरांच्या बाजाराच्या कचेरीत. तरुणपणी वाचनालयाच्या फिरत्या गाडीतून एक पुस्तक आणून ती प्रोग्राम लिहायला शिकली आणि लिलावात कुठलं जनावर कधी रिंगणात आणायचं ते ठरवणारा प्रोग्राम तिनं लिहिला. तो आजही अकरा बाजारांत चालतो. तो कोणी लिहिला, हे त्या अकरांपैकी नऊ ठिकाणी कोणाला माहीत नाही आणि तीही सांगायला जात नाही.

बैठकीचा कार्यक्रम ती कधी जाहीर करत नाही. कार्यक्रमच नसतो. ती फक्त खुर्च्या मांडते आणि कोणी कुठे बसायचं ते सांगते. "मॅलकी, तू आज फेलिमशेजारी." बस्स, एवढंच. एकदा मी तीन आठवडे एका चुकीशी झुंजत होतो. ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी देशभर घड्याळं एक तास मागे घेतात तेव्हा एक तास दोनदा येतो, आणि त्या एका तासात माझा प्रोग्राम लोकांना दोनदा विमा विकत होता. मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती, लाज वाटत होती म्हणून. त्या गुरुवारी तिनं मला फेलिमशेजारी बसवलं. फेलिम मकपार्टलन दूध कारखान्यात आहे. भिडस्त माणूस, बोलला तर चहाच्या कपाशी बोलतो. नऊ वाजता कळलं, की दुधाच्या टँकरांची त्याच तासात दुबार नोंद होत होती आणि ते त्यानं गेल्याच वर्षी सोडवलं होतं.

"तुला कसं कळलं?" मी जिन्यातच अट्रॅक्टाला गाठलं.

"तुझी बायको म्हणाली."

"तिला यातलं काय कळतंय!"

"ती म्हणाली, तो हल्ली घड्याळाला शिव्या देतो. आणि गेल्या वर्षी फेलिमची आई म्हणत होती, फेलिम घड्याळाला शिव्या देतो. दोन शिव्या देणारे शेजारी बसवले. यात कसली आलीय अक्कल?"

म्हणजे बाई महिनाभर बाजारात, पोस्टात, दफनाच्या चहाला, जिथे जाईल तिथे कान उघडे ठेवून हिंडत होती. हे तिचं नियोजन.

पण मला खरं कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दर बैठकीत कोणीतरी एक जण उठून वीसेक मिनिटं बोलतो, आपण काय केलं, कुठे फसलो. आणि आमच्याकडची माणसं तर जीव गेला तरी स्वतःबद्दल बोलणारी नव्हेत. मग ही बोलकी होतात कशी? फेलिमच्या वेळी मी नीट लक्ष ठेवलं, तेव्हा उलगडलं. मार्चमध्ये तिनं त्याला विचारलं, "फेलिम, बोलशील का रे?" तो कपाला म्हणाला, "छे छे, माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं." ती "बरं" म्हणाली. एप्रिलमध्ये पुन्हा तोच प्रश्न. "नको गं, बाकीचे आहेत की." पुन्हा "बरं." मेमध्ये तिसऱ्यांदा विचारलं, तर फेलिमनं खिशातून घडी घातलेले चार कागद काढले. दोन महिने ते त्याच्या खिशात होते.

आमच्या भागात पहिलं 'नको' म्हणजे उत्तर नसतं, ते नुसतं घसा साफ करणं असतं. कोणाच्या घरी चहा विचारला तर पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा तुम्हाला उगाच त्रास, आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच कप" म्हणून दोन कप आणि मनुकांचा पाव. पहिल्या खेपेलाच हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. अट्रॅक्टानं फक्त ही रीत चहापासून भाषणापर्यंत ताणली. तीन महिने, तीन वेळा विचारणं, आणि मधल्या काळात माणसाला तयारीला वेळ. नऊ वर्षांत तिनं अशी साठेक माणसं बोलती केली. खोलीतला हीटर दुरुस्त करायला आलेला इसमही एकदा बोलून गेला, आणि चांगला बोलला.

आणि मग एका फेब्रुवारीत डब्लिनहून सास्किया ब्राउवर्स आली.

सास्किया हॉलंडची. डब्लिनमध्ये दर ऑक्टोबरला प्रोग्रामर लोकांची जी मोठी परिषद भरते, तिचं सगळं नियोजन तिच्याकडे. अठराशे माणसं, तीन दिवस, चार सभागृहं. यंदा त्यांना लहान गावांतले वक्ते हवे होते, म्हणून ती आगगाडीनं एकेका बैठकीला जाऊन बघत होती. उंच, नीटनेटकी, हातात वही, आणि बोलणं सुरीसारखं सरळ. मला ती आवडली, हे कबूल करतो.

अट्रॅक्टालाही तिच्याबद्दल फार कुतूहल. "अठराशे माणसांना चहा कसा देतेस गं?"

"तीस टेबलं. बारा मिनिटांत सगळ्यांच्या हातात कप."

"बारा मिनिटांत!" अट्रॅक्टा थक्क झाली. "मग ती बोलतात कधी?"

सास्कियानं हे वहीत लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "तुमचे वक्ते कसे निवडता? आमच्याकडे अर्ज येतात, पाचशे-सहाशे. नावं झाकून सात जण गुण देतात. वशिला नाही, ओळख नाही."

"बरं आहे की," अट्रॅक्टा म्हणाली. "पण जे अर्जच करत नाहीत त्यांचं काय करता?"

"ते येत नाहीत."

"हं," अट्रॅक्टा म्हणाली आणि चहा ओतायला वळली. "चहा घेशील ना?"

"नको, थँक्स."

"अगं, थोडा?"

"नको."

"अर्धा कप तरी. बाहेर किती गारठा..."

"मी नको म्हणाले ना," सास्किया हसून, पण अगदी स्पष्ट म्हणाली. खोलीत सोळा माणसं होती, सोळाही जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. अट्रॅक्टानं किटली खाली ठेवली. तिला राग आला नव्हता. तिला एखादा अनोळखी पक्षी पाहिल्यासारखं झालं होतं.

उशिरा, खुर्च्या आवरताना, सास्कियानं तिला तिच्या कामाबद्दल विचारलं आणि अट्रॅक्टा सहज बाजाराच्या प्रोग्रामबद्दल बोलायला लागली. लिलावात पहिल्या चार जनावरांना आणि शेवटच्या चारांना भाव कमी मिळतो. सुरुवातीला गिऱ्हाईक हात राखून असतं, शेवटी घरी जायच्या घाईत. म्हणून ज्या शेतकऱ्यानं एकच जनावर आणलंय, त्याला तो प्रोग्राम पहिल्या चारांत आणि शेवटच्या चारांत कधीच घालत नाही. ज्याच्याकडे वीस आहेत त्याचं एखादं तिथे गेलं तर तो सोसू शकतो. "हे मला कोणी करायला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "केलं आपलं. तीस वर्षांत कोणी विचारलंही नाही."

आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. सास्कियानं वही मिटली. "हे लोकांनी ऐकायला हवं," ती म्हणाली. "प्रोग्राममध्ये कोण कोणासाठी काय ठरवून ठेवतो, हीच तर गोष्ट आहे. तुम्हाला अर्ज नको, मी स्वतः विचारते. पहिल्या दिवशी सकाळी, मोठं सभागृह, चाळीस मिनिटं. बोलाल?"

अट्रॅक्टाच्या गालांवर रंग चढला. मी तो पाहिला. "छे गं बाई," ती म्हणाली, "मला कशाला! माझं कोण ऐकणार?"

"ठीक आहे," सास्किया म्हणाली. "स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. बहुतेक लोक ताटकळत ठेवतात." आणि तिनं वहीत काहीतरी खोडलं.

फेलिमचा चमचा कपातच थांबला. आम्हा सगळ्यांना काय झालं ते कळलं होतं, फक्त जिच्या हातून झालं तिला सोडून. आणि आम्ही काय केलं? अळीमिळी गुपचिळी. कारण अट्रॅक्टासमोर "तिला पुन्हा विचारा" म्हणायचं, म्हणजे हिला जायचंय असं तिच्या तोंडावर सांगायचं. ते कसं सांगणार? सास्किया साडेनऊला निघाली आणि आम्ही तिला हात हलवून निरोप दिला.

एप्रिलमध्ये अट्रॅक्टा मला दुकानाच्या दारात भेटली. "मॅलकी, तू डब्लिनच्या परिषदेला जाऊन आलायस ना? तिथे माणूस त्या लाकडी खोक्यामागे उभा राहतो, की फिरत बोलतो?"

"कुठला माणूस?"

"कुठलाही. सहज विचारलं." ती दोन पावलं गेली, परत आली. "आणि चाळीस मिनिटं म्हणजे पानं किती होतील रे? हातानं लिहिलेली?"

मग मात्र मला राहवेना. तिला तिथे बोलायचं होतं. एकसष्टाव्या वर्षी, एकदा, मोठ्या सभागृहात, तिला आपल्या कामाबद्दल सांगायचं होतं, आणि ती सास्कियाच्या फोनची वाट बघत होती. मी घरी जाऊन डब्लिनला फोन लावला.

"तिला पुन्हा विचारा," मी म्हटलं.

"पण त्या नाही म्हणाल्या."

"ते पहिलं 'नाही' होतं."

"म्हणजे नाहीला नंबर असतो?"

"आमच्याकडे असतो."

सास्किया बरा जीव. तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. अट्रॅक्टा तिला म्हणाली, "अगं, माझ्यापेक्षा शहाणी माणसं पडलीत की तिकडे." हे दुसरं 'नाही', अगदी ठरल्याप्रमाणे. आमच्याकडचं कोणी असतं तर तिथेच ओळखलं असतं की आता काम झालं. पण सास्कियानं मला कळवलं, "दोनदा नाही म्हणाल्या. आता विचारलं तर तो त्रास देणं होईल."

"आता नाही विचारलं तर अपमान होईल!"

"मॅलकी, आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारलं तर लोक पोलिसांना बोलावतात." मग ती जरा गंभीर झाली. "हे बघा, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण समितीत सात जण आहेत. मेअखेर यादी बंद होते. चौसष्ट वक्ते, त्यातले निम्मे परदेशातून. एकेकाला तीन तीन महिने तीनदा विचारत बसले तर मी परिषद भरवू कधी?"

अठराशे माणसांचा कारभार एका शब्दाला एकच अर्थ धरूनच चालू शकतो. ती चुकत नव्हती, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

जूनमध्ये यादी जाहीर झाली. चौसष्ट नावं. बैठकीत अट्रॅक्टानं ती फोनवर शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "चांगली नावं आहेत." मग ती किटली भरायला गेली. त्या दिवशी तिनं मला ज्याच्याशेजारी बसवलं, त्याच्याकडे मला विचारण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. फेलिमचंही तेच झालं. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोक पावणेनऊलाच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सास्कियाला फोन करून मनात आलं ते सगळं ऐकवलं. एका बाईनं चार महिने वाट पाहिली, आणखी एक फोन केला असता तर तुमचं काय जात होतं, माणसं म्हणजे काय अर्ज आहेत का, वगैरे वगैरे. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी दमल्यावर म्हणाली, "एक विचारू? तुम्ही त्यांना किती वेळा विचारलंत?"

"काय विचारलं?"

"बोलायला. तुमच्या खोलीत. नऊ वर्षं त्या बैठक चालवतायत. तुम्ही त्यांना किती वेळा विचारलंत?"

"आम्ही..." मी म्हणालो. "मी नंतर फोन करतो."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभा राहून मी आठवत गेलो. शंभराच्या आसपास बैठका. कोण कधी बोललं ते मला जवळजवळ सगळं आठवतं, चोंबडेपणाचा तेवढा फायदा. मी तीनदा बोललोय. फेलिम दोनदा. हीटरवाला एकदा. अट्रॅक्टा एकदाही नाही. ती नको म्हणाली म्हणून नव्हे. विचारायचं काम तिचं होतं, त्यामुळे तिला कोणी विचारावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या बाईचं नियोजन भिंग लावून तपासलं, आणि एवढी मोठी गोष्ट मला दिसली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारणारी बाई हॉलंडहून यावी लागली, आणि मी तिच्यावरच डाफरलो होतो.

फेलिमला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई गं." आणि त्यानं फोन ठेवला.

मंगळवारी बाजार नसतो. सकाळी मी कचेरीत गेलो. गाडीत बसून मी तयारी केली होती. आज विचारायचं, ती छे छे म्हणेल. जुलैत विचारायचं, ती दुसऱ्याचं नाव सुचवेल. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. म्हणजे सप्टेंबरच्या बैठकीत ती बोलेल. मध्ये फेलिमलाही एकदा विचारायला लावायचं, म्हणजे एकट्या माझ्यावर यायला नको. तिन्ही वेळची वाक्यं मी पाठ केली होती.

ती गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे पडताळत होती. खिडकीबाहेर रिकामी रिंगणं पाण्यानं धुऊन काढलेली.

"काय रे, मंगळवारी कुठे इकडे?"

"अट्रॅक्टा," मी म्हटलं, "पुढच्या बैठकीत तू बोलशील का? ते बाजाराचं. एकच जनावर आणणाऱ्याचं."

"हो," ती म्हणाली.

माझं दुसरं वाक्य तोंडातच राहिलं. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "म्हणजे तुला उगाच भरीस घालत नाही, पण..."

"हो म्हणाले ना, मॅलकी," ती म्हणाली. तिनं चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला. "बोलेन. किती वेळ देशील?"

एकसष्ट वर्षं याच गावात काढलेली बाई. पहिल्या खेपेला हो म्हणू नये हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण या वर्षी तिनं दोनदा नको म्हणून पाहिलं होतं, आणि परत कोणी आलं नव्हतं. पुन्हा ती जोखीम घ्यायची तिची तयारी नव्हती. माझी मान खाली गेली.

"पाहिजे तेवढा वेळ घे," मी म्हटलं.